बीजेची भरती आणि अडलेली वाट: नेरुळच्या ज्येष्ठांच्या एका सोप्या पायपिटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नेरुळमधला ज्येष्ठ नागरिकांचा एक गट रोज सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानाच्या सपाट वाटेवर चालतो. वयं ५८ ते ७९. बहुतेकांची चाल चांगली आहे, तासाभरात चार किलोमीटर सहज होतात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी या गटाने अलिबाग तालुक्यातल्या एका किनारी गावात एक दिवसाची पायपीट ठरवली. नारळाच्या वाड्या, सुरूबन, वाळूच्या टेकड्या आणि पुळण, म्हणजे पाण्याकडेची मोकळी वाळू, अशी ही फेरी. ५.२ किलोमीटर, डोंगर नाही, चढ नावालाच. संदेशात ‘सोपी वाट, सर्वांना जमेल’ असं लिहिलं होतं. ३१ जणांनी नावं दिली, १९ बायका आणि १२ पुरुष. सोबत तीन स्वयंसेवक. गावाचं आणि कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही.

आठ दिवस आधी, शनिवारी, दोन स्वयंसेवक जाऊन वाट पाहून आले होते. दोघंही पंचेचाळिशीतले. त्यांनी सगळी फेरी दीड तासात पूर्ण केली. ओढ्याच्या मुखाशी, म्हणजे ओढा समुद्राला मिळतो तिथे, घोटाभर पाणी होतं. ते चपला हातात घेऊन ओलांडून आले आणि वहीत लिहिलं: ‘अडचण नाही.’

वाट कशी आहे

देवळापासून सुरुवात. तिथून ०.९ किलोमीटर वाड्यांमधली पाखाडी, म्हणजे दगडी, सावलीची पायवाट. मग किनाऱ्याला समांतर १.५ किलोमीटर सुरूबन. सुरूच्या काड्यांचा जाड थर जमिनीवर पडलेला असतो, त्यामुळे खाली झुडपं फारशी वाढत नाहीत आणि पाऊल रुतत नाही. चालायला हा सगळ्यात सुखाचा भाग. तरी दोन गोष्टी इथे माणसाला पाडतात: वर आलेली मुळं, आणि सुरूची छोटी कडक बोंडं. ती बुटाखाली छर्‍यांसारखी घरंगळतात. उतारावर एखादं बोंड टाचेखाली आलं की मागच्या मागे बसकण बसते.

बनाच्या टोकाला ०.३ किलोमीटरचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. उंची तीन-चार मीटरच, पण मऊ, कोरडी वाळू. समुद्राकडचा उतार वाऱ्याने दाबलेला आणि लांबट असतो, जमिनीकडचा उभा आणि सैल. बनातून येणारा माणूस नेमका सैल बाजूने चढतो. टेकड्यांवर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा पसरलेल्या आहेत. मर्यादवेलीच्या लांब दोऱ्या वाळू धरून ठेवतात. रावणाच्या मिशांची पानं टोकदार असतात आणि पोटरीला चांगलीच टोचतात.

टेकड्या उतरल्यावर पुळणीवरून उलट दिशेने १.३ किलोमीटर ओढ्याच्या मुखापर्यंत, मुख ओलांडून १.२ किलोमीटर डांबरी रस्त्याने देवळाशी परत. नकाशावर ही फेरी फार सुबक दिसते. तिचा अवघड तुकडा मात्र अगदी शेवटी येतो, माणसं दमलेली असताना आणि ऊन डोक्यावर असताना.

अडचण कुठे सुरू झाली

पहिली चूक पंचांगातली होती. तारीख ठरली ती रविवार आणि बसची उपलब्धता पाहून. त्या दिवशी बीज, म्हणजे द्वितीया होती. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. बीजेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी साडेसातला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे हे दिवस उधाणाचे. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा ओहोटी आणि भरतीच्या पाण्यात साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो.

आणि वाट पाहिली तो दिवस? आठ दिवस आधीचा, म्हणजे नवमीचा. नवाची पाऊणपट पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती होऊन गेलेली, दुपारी एकला ओहोटी. स्वयंसेवक साडेअकराला मुखाशी पोचले तेव्हा पाणी ओसरत होतं, शिवाय भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस असल्याने भरतीही लहान होती. घोटाभर दिसलं ते ओढ्याचं स्वतःचं पाणी होतं, समुद्र तिथवर आलाच नव्हता. रविवारी त्याच घड्याळाला त्याच जागी समुद्र आत शिरत होता. वाट पाहणं हे त्यांनी मनापासून केलेलं काम होतं, पण किनाऱ्यावर घड्याळ जुळून उपयोग नसतो, तिथी जुळावी लागते.

दुसरी अडचण स्वच्छतागृहाची. ही गोष्ट सहलींच्या आखणीत फार कमी बोलली जाते आणि ज्येष्ठांच्या बाबतीत तीच सगळं बिघडवते. बस नेरुळहून सहाला सुटली. वडखळला नाश्त्याला थांबली तेव्हा १९ बायकांसाठी दोनच स्वच्छतागृहं होती. रांगेतच पंचवीस मिनिटं गेली. पुढे वाटेवर सोय नाही हे कळल्यावर अनेकींनी आणि काही पुरुषांनीही पाणी पिणंच टाळलं. म्हणजे एकाच कारणामुळे गट उशिरा निघाला आणि तहानलेलाही निघाला. चालायला नऊला सुरुवात व्हायची ती ९:४०ला झाली.

तिसरी गोष्ट वेगाची. कोरड्या मऊ वाळूत चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते. पाऊल रुततं, मागे सरकतं, पोटरी आणि घोट्यावर ताण येतो. ज्वेलवर ताशी चार किलोमीटर चालणारी व्यक्ती इथे ताशी दीड-दोनवर येते, आणि त्याच गतीला तिचं हृदय मात्र चढ चढल्याइतकं धावत असतं. आखणीत पूर्ण फेरीला पावणेदोन तास धरले होते, म्हणजे ताशी तीन किलोमीटर. हा वेग दोन सडसडीत माणसांचा होऊ शकतो, एकतीस जणांच्या गटाचा होत नाही.

बनापर्यंत सगळं छान चाललं. १०:४०ला गट टेकड्यांशी आला. जेमतेम ३०० मीटर ओलांडायला पंचवीस मिनिटं लागली. चालण्याचे बूट वाळूने भरले, काहींनी ते काढले. त्यांतल्या दोघांना मधुमेह होता. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते. शिंपला रुतला किंवा तापल्या वाळूने पाय भाजला तरी कळत नाही, म्हणून अशांनी अनवाणी चालायचंच नसतं. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

११:०५ला पुढची माणसं पुळणीवर उतरली. ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा चार-पाच मीटरच उरला होता आणि मिनिटागणिक अरुंद होत होता. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात. ओहोटीनंतरचा तिसरा आणि चौथा तास सगळ्यात जोराचा. गट नेमका त्या चौथ्या तासात पुळणीवर होता. मागच्यांच्या वाट्याला घट्ट वाळू आलीच नाही, ते कोरड्या वाळूतून ओढत राहिले. पंचवीस मिनिटांत पुढच्या आणि मागच्या माणसांत सहाशे मीटरचं अंतर पडलं.

११:३०ला पुढचा स्वयंसेवक मुखाशी पोचला. पाणी मांडीपर्यंत, आणि आत येणारी ओढ जाणवण्याइतकी. त्याच सुमाराला मागे ७१ वर्षांच्या एक काकू गुडघा धरून बसल्या, आणि ७४ वर्षांचे एक गृहस्थ चक्कर येते म्हणून खाली बसले. ते रक्तदाबाची गोळी घेत, लघवीचं प्रमाण वाढवणारी. सकाळपासून त्यांनी एक चहा आणि दोन घोट पाणी घेतलं होतं.

मुखाशी: समोर असलेले पर्याय

इथला निर्णय हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून प्रत्येक पर्याय नीट पाहू.

हात धरून किंवा दोर लावून ओलांडणं. एका स्वयंसेवकाकडे पंधरा मीटर नायलॉनचा दोर होता आणि मन तिकडेच ओढलं जात होतं, कारण पलीकडे डांबरी रस्ता दिसत होता. काही काकांनी पँटीही वर दुमडल्या होत्या. पण ११:३०ला भरती पाऊण झाली होती, पाव बाकी होती. उधाणाच्या दिवशी पाव म्हणजे अजून जवळजवळ मीटरभर पाणी. एकतीस जणांना ओलांडवायला अर्धा तास लागला असता आणि शेवटचा माणूस छातीभर पाण्यात उतरला असता. मुखाशी तळ सपाट नसतो, येत्या-जात्या पाण्याने वाळू खरवडून खड्डे होतात. सराव नसलेल्या माणसांच्या हातात दोर दिला तर एक पडताना दोघांना घेऊन पडतो. हा पर्याय फेटाळणं पूर्ण बरोबर होतं.

थांबून पाणी उतरण्याची वाट पाहणं. दीडला भरती पूर्ण होऊन मुख पुन्हा घोटाभर व्हायला चार-सव्वाचार वाजले असते. उघड्या पुळणीवर, फेब्रुवारीच्या दुपारी, संपत आलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. अशक्यच.

आल्या वाटेने परत जाणं. सुरक्षित वाटतं, पण यात १.३ किलोमीटर कोरडी वाळू आणि पुन्हा त्या टेकड्या. काकूंना आणि चक्कर आलेल्या गृहस्थांना ते झेपलं नसतं.

जिथे आहोत तिथूनच टेकडीवर चढून मागच्या बनात शिरणं. सावली साठ-सत्तर मीटरवर दिसत होती. एकट्यादुकट्याला मोह होण्यासारखंच. पण तीस माणसं न तुडवलेल्या टेकडीवरून गेली की मर्यादवेलीच्या दोऱ्या तुटतात, वाळू मोकळी होते, वारा तिथूनच टेकडी पोखरतो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९च्या दोन्ही अधिसूचनांमध्ये वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत, ते याच कारणाने: उधाणाचं पाणी आणि गाव यांच्यात तोच बांध असतो. शिवाय कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि घरटी भरतीरेषेच्या वरच, अशाच वाळूत असतात. माणसाचा जीव धोक्यात असता तर हा सगळा विचार बाजूला ठेवावा लागला असता. तशी वेळ नव्हती.

गाडी बोलावणं. बस त्या गल्लीत येत नव्हती. सहा आसनी रिक्षा बनाच्या मागच्या कच्च्या रस्त्यापर्यंत येऊ शकत होत्या, पण माणसांना पुळणीवरून तिथवर आणणार कसं, हा प्रश्न उरतच होता.

या चर्चेत बारा मिनिटं गेली. तिघा स्वयंसेवकांमध्ये शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. भर उन्हात उभ्या असलेल्या ज्येष्ठांसाठी बारा मिनिटं फार होतात.

काय केलं

सुटका स्थानिक माहितीने झाली. ओढलेल्या होड्यांजवळ एक कोळीण मासळी वाळत घालत होती. तिने पाण्याकडे जाणारे काका पाहिले आणि हाक मारली, “दादा, उतरू नका. आज बीज हाय, पानी दीडपर्यंत चढनार.” मग तिनेच दाखवलं: मुखाच्या २०० मीटर अलीकडे, होड्या वर ओढतात तिथे टेकडीत एक खिंड आहे. रोजच्या वापराने वाळू दबलेली, उंची गुडघाभर. तिथून दीडशे मीटरवर बन आणि पुढे पाखाडी. फेरीतला ओढा ओलांडायची गरजच नव्हती. गावात प्रत्येकाला ठाऊक असलेली ही वाट आखणीच्या वहीत नव्हती, कारण आठ दिवसांपूर्वी तिची गरज पडली नव्हती आणि कुणाला विचारलं नव्हतं.

पुढच्या स्वयंसेवकाने शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. पुढचे दहा-बारा जण २०० मीटर मागे आले. मागच्यांना तर मागे फिरावंच लागलं नाही, खिंड त्यांच्या पुढ्यातच येत होती. चक्कर आलेल्या गृहस्थांना होडीच्या सावलीत आडवं करून पाय पिशवीवर उंच ठेवले, कपडे सैल केले, मानेवर आणि काखेत ओला रुमाल ठेवला. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून दर दोन-तीन मिनिटांनी घोट-घोट दिलं. ते नीट बोलत होते, घाम येत होता. बोलण्यात गोंधळ, उलट्या किंवा घाम थांबून अंग तापणं यांतलं काहीही दिसलं असतं तर १०८ला फोन करायचा, हे स्वयंसेवकाने तेव्हाच ठरवलं. पंचवीस मिनिटांनी ते उठून बसले.

काकूंचा गुडघा क्रेप बँडेजने बांधला. खिंडीतून बनापर्यंत दोघींच्या आधाराने त्या चालल्या. दीडशे मीटरला वीस मिनिटं लागली आणि ती लागू दिली, कुणी घाई केली नाही. बनाच्या सावलीत सगळे थांबले. कोळिणीच्या मुलाने दोन रिक्षा बोलावल्या. ज्यांना चालायचं नव्हतं ते १४ जण रिक्षांनी देवळाशी गेले, बाकीचे पाखाडीने चालत.

परिणाम

कुणाला मोठी इजा झाली नाही. गृहस्थांचा रक्तदाब अलिबागला डॉक्टरांकडे तपासला, तो कमी होता. त्यांना विश्रांती आणि दुसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलायचा सल्ला मिळाला. काकूंना तीन आठवडे जिने टाळावे लागले. जेवण एकऐवजी तीनला झालं, बस नेरुळला रात्री साडेआठला पोचली. घरी वाट पाहणाऱ्यांना उशिराचा निरोप साडेपाचपर्यंत गेला नव्हता. दोन मुलांनी संयोजकांना फोन करून नाराजी कळवली, आणि ती रास्त होती.

जास्त काळजीची गोष्ट पुढची. सात-आठ जणांनी, त्यांत सहा बायका, पुढच्या सहलीला यायचं नाही असं ठरवलं. कारण विचारल्यावर भरती कुणीच सांगितली नाही. “आमच्यामुळे सगळे अडले” हे त्यांचं म्हणणं. आखणी चुकते तेव्हा दोष सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या माथी बसतो, आणि तो माणूस निमूटपणे घरी बसतो. संयोजकांनी हे गांभीर्याने घेतलं, घरोघरी जाऊन बोलले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय दिशा बदलण्याचा होता. त्याच बीजेला, त्याच ९:४०ला फेरी उलटी सुरू केली असती, आधी डांबरी रस्ता आणि मग मुख, तर गट दहाच्या सुमाराला ओढा ओलांडत असता. तेव्हा समुद्र मुखापर्यंत पोचलाच नव्हता. त्यानंतर पुळण घट्ट वाळूवरून, टेकड्या समुद्राकडच्या लांबट उतारावरून, आणि ऊन वाढल्यावर बनाची सावली. एक पैसा खर्च न होता ओढा, वाळू आणि ऊन या तिन्ही अडचणी हलक्या झाल्या असत्या. चढत्या पाण्यात पुळण आधी, उतरत्या पाण्यात बन आधी, असा हा क्रम आहे.

पाऊणपटीचा हिशेब अंदाज देतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्याने रविवार निवडावा आणि मग मुंबईच्या भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकाशी पडताळावा.

निर्णयाची वेळ आधी लिहून ठेवायला हवी होती: ‘साडेदहापर्यंत पहिला माणूस मुखाशी नसेल तर ओढा नाही.’ असं वाक्य वहीत असतं तर टेकड्यांशी १०:४०ला घड्याळ पाहून गट बनातूनच परतला असता आणि पुळणीवर उतरलाच नसता. खरं तर मुखाशी झालेला निर्णय उशिराचा होता, पहिली निर्णयाची जागा बनाचं टोक होती. तिथे थांबून कुणी घड्याळ आणि पाणी पाहिलं नाही, कारण सावलीत सगळे मजेत होते.

वेग आणि तयारी यांचंही तसंच. नवी मुंबईला खाडी आहे, पण तिच्या कडेला चिखल आणि तिवरं, वाळू नाही. मग सराव कशावर? बेलापूरच्या पारसिक हिलचा चढ हा बरा पर्याय आहे. तो न थांबता, बोलता बोलता चढता येतो त्यांना दीड किलोमीटर वाळू झेपते. धाप लागून बोलणं तुटतं त्यांच्यासाठी बनातली जा-ये ठेवावी.

दुसरी फेरी

तीन आठवड्यांनी, अष्टमीच्या रविवारी, गट पुन्हा त्याच गावात गेला. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी, तीही भांगाची. बस साडेपाचला निघाली. वडखळ टाळून नाश्ता गावातल्या खानावळीत घेतला, आणि तिथली चार स्वच्छतागृहं पैसे देऊन सकाळी व परतल्यावर अशी दोन्ही वेळा वापरायला मिळाली. प्रत्येकाकडे एक लिटर पाणी, आणि निघण्याआधी ग्लासभर सगळ्यांनी सोबतच प्यायचं. मागे पट्टा असलेल्या सँडल, बूट नकोत. मधुमेहींना मोज्यासह.

पंधरा-पंधराचे दोन गट केले, वीस मिनिटांच्या अंतराने. सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती स्वयंसेवकाच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर. याने अंतर पडणं जवळजवळ थांबलं. ओढा पूर्ण वगळला, होड्यांच्या खिंडीतून परत. गुडघेदुखी असलेल्या पाच जणांना रिक्षाने बनाच्या तोंडाशी सोडलं, ते आतच तीन किलोमीटर जा-ये करून आले. त्यांत त्या ७१ वर्षांच्या काकूही होत्या. पुळणीवर पहिला गट १०:१५ला होता, घट्ट वाळूचा पट्टा रुंद होता, सगळे साडेअकराला पाखाडीत.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. बनाच्या टोकाची टेकड्यांमधली वाट दर खेपेला रुंद होते आहे, कडेची मर्यादवेल तुटते आहे. आता गटाने एकामागे एक, जुन्या पावलांत पाऊल टाकूनच जायचं ठरवलंय आणि बोलायला, फोटोला तिथे थांबणं बंद केलंय. गावकऱ्यांचं म्हणणं आहे की पावसाळ्यानंतर दोन महिने ती वाट बंद ठेवून दोन्ही वेळा होड्यांचीच खिंड वापरावी. फेरीत पुळण थोडी कमी होईल, पण वेल धरेल. पुढच्या हंगामासाठी अष्टमी ते एकादशीत येणारे रविवार पंचांगातून काढून ठेवले आहेत, त्यांतला पहिला खिंडीतूनच जायचा आहे. बाकीच्या रविवारी पारसिक हिल.